केळ्यात बी नाही म्हणजे ते जीएम, हे खरं नाही

"आजकालच्या केळ्यात बी नसते कारण ती लॅबमध्ये जीन बदलून (म्हणजे जीएम) बनवलेली असतात, मुलांना देऊ नका", असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. काळजीपोटीच लोक पुढे पाठवतात, पण माहिती चुकीची आहे.

मूळ रानटी केळ्यात मिरीएवढ्या टणक बिया ठासून भरलेल्या असतात आणि गर अगदी थोडा. न्यू गिनीत माणसं जवळपास ७००० वर्षांपासून केळी लावतायत, कधीतरी कमी बियांची झाडं मिळाली की त्यांचेच मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, काढून पुढे लावायचे, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यात वेगवेगळ्या जातींचा संकर होऊन काही झाडांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आले, आणि तीनाची सारखी वाटणी होत नाही ना, म्हणून बी धरतच नाही. आता या केळीला माणसाशिवाय पसरता येत नाही, कोणीतरी मुनवा उचलून दुसरीकडे लावायलाच लागतो.

घरी बघायचं तर केळं आडवं कापा, मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील, त्या न वाढलेल्या बिया. जळगावच्या केळीपट्ट्यातलं, रावेर-यावलकडचं कोणी ओळखीचं असेल तर विचारा, लागवड कंदानं नाहीतर टिश्यू कल्चरच्या रोपांनी करतात. टिश्यू कल्चर म्हणजे त्याच झाडाच्या तुकड्यापासून रोपं वाढवणं, त्यात बाहेरचा जीन घालत नाहीत. भारतात जीएम म्हणून शेतकरी लावतात तो बीटी कापूस, २००२ पासून, केळी नाही.