केएसएचव्ही (कापोसी सार्कोमा हर्पीसव्हायरस)

केएसएचव्ही हा हर्पीस जातीचा एक व्हायरस आहे, याला एचएचव्ही-८ पण म्हणतात कारण माणसात सापडलेला तो आठवा हर्पीस. ह्या एकाच व्हायरसमुळे कापोसी सार्कोमा हा मुख्यतः त्वचेवर दिसणारा कॅन्सर होतो आणि बी पेशींचा (प्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या रक्तपेशींचा) एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, पण होतो. हे दोन्ही शोध ज्यांच्या कामातून आले त्या युआन चँग पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी-नमुने तपासून आजार ओळखणाऱ्या डॉक्टर, त्यामुळे व्हायरसची नोंद लिहायला घेतली की त्यांच्या संशोधनाची गोष्ट आपोआप येतेच.

कापोसी सार्कोमा तसा जुना. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या मॉरित्झ कापोसी यांनी पाच पेशंटचं वर्णन केलं, जांभळट-लाल डाग आणि गाठी, बहुतेक वयस्कर पुरुषांच्या पायांवर. युरोपात आणि अमेरिकेत शंभरेक वर्षं हा क्वचित दिसणारा, सावकाश वाढणारा आजार म्हणून पुस्तकात पडून होता. मग १९८१ मध्ये न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तरुण समलिंगी पुरुषांमध्ये तो अचानक दिसायला लागला आणि एड्सची चाहूल लागली ती अशाच केसेसमधून. पण एचआयव्ही सापडल्यावरही एक गोष्ट बसेना. १९९० मध्ये साथरोगतज्ज्ञ व्हॅलरी बेरल आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले, की एड्स झालेल्या समलिंगी आणि बायसेक्शुअल पुरुषांमध्ये कापोसी साधारण २१ टक्के आणि रक्तातून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियावाल्यांमध्ये (रक्त नीट न गोठण्याचा आजार) फक्त १ टक्का. एचआयव्ही तर दोघांनाही, मग हा फरक कशाने? म्हणजे दुसरा कोणीतरी जंतू आहे आणि तो बहुधा शरीरसंबंधातून पसरतोय. बरेच जण मागे लागले, सायटोमेगॅलोव्हायरस ह्या दुसऱ्या हर्पीससकट बऱ्याच जंतूंवर संशय घेऊन झाला, नक्की काही ठरेना.

चँग मुळात न्यूरोपॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या स्लाईड बघणाऱ्या, त्वचा हा त्यांचा प्रांतच नव्हता (मला वाटतं म्हणूनच ठरलेले संशयित सोडून त्या कोऱ्या पाटीने सुरुवात करू शकल्या). कोलंबिया युनिव्हर्सिटीत त्यांनी आणि त्यांचे नवरे पॅट्रिक मूर, जे साथरोगतज्ज्ञ, यांनी वजाबाकीची पद्धत वापरली. एकाच पेशंटचा गाठीतला डीएनए आणि निरोगी भागातला डीएनए घ्यायचा, दोन्हीकडे सारखं आहे ते वगळायचं आणि गाठीत जास्तीचं काय उरतं ते बघायचं. उरले ते दोन छोटे तुकडे, हर्पीस व्हायरसशी जुळणारे. एड्समधल्या कापोसीच्या २७ नमुन्यांपैकी २५ मध्ये ते सापडले आणि डिसेंबर १९९४ मध्ये पेपर आला.

लगेच १९९५ मध्ये एथेल सेसरमन ह्या पॅथॉलॉजिस्टसोबत सुरुवातीला सांगितलेला लिम्फोमा. हा विचित्र प्रकार असतो, बहुतेक वेळा गाठ अशी नसतेच, छातीत, पोटात किंवा हृदयाच्या आवरणात पाणी साचतं आणि कॅन्सरच्या पेशी त्या पाण्यात तरंगतात. त्यावर बी पेशींच्या नेहमीच्या खुणा बऱ्याचदा नसतात, म्हणून ओळखायला त्रास. तपासलेल्या अशा आठच्या आठ लिम्फोमात तोच व्हायरस निघाला. ह्यालाच आता प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा म्हणतात आणि त्याच्या व्याख्येतच केएसएचव्ही आहे. त्याच वर्षी मल्टिसेंट्रिक कॅसलमन आजारातही (शरीरात अनेक ठिकाणी लिम्फच्या गाठी सुजतात तो) तो सापडला, ते काम फ्रान्समधलं.

व्हायरस चोरटा आहे. माणसाच्या पेशीतले जीन उचलून त्याने स्वतःच्या जीनोममध्ये (सगळ्या जीनच्या संचात) बसवलेत, त्याचं स्वतःचं इंटरल्यूकिन-६ (पेशींना वाढायचा निरोप देणारं प्रोटीन) आहे, पेशीचं विभाजन पुढे ढकलणारं सायक्लिन आहे, पेशीला मरू न देणारं बीसीएल-२ सारखं प्रोटीन पण आहे. आणि लाना नावाचं प्रोटीन तो पेशीच्या केंद्रकात ठेवतो, ज्याच्या जोरावर पेशी दुभंगताना व्हायरसही दोन्हीकडे जातो. पॅथॉलॉजिस्टला रोजच्या कामात उपयोग होतो तो ह्याच लानाचा. सुरुवातीचा कापोसी मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्यांच्या साध्या बदलासारखा दिसतो, चकायला होतं, मग लानाचा स्टेन (फक्त लानाला रंग देणारी तपासणी) लावायचा आणि टकळीसारख्या लांबट पेशींच्या केंद्रकात ठिपके दिसले की प्रश्न मिटला.

पसरतो मुख्यतः लाळेतून. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, प्रतिकारशक्ती ढासळली की धोका, म्हणजे एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं. एचआयव्हीवर उपचार सुरू केले की कापोसी बऱ्याचदा मागे हटतो. लस नाही.

पुढे पिट्सबर्गला गेल्यावर चँग-मूर यांच्या लॅबने २००८ मध्ये तीच वजाबाकी कॉम्प्युटरवर केली, ट्यूमरच्या आरएनएमधून माणसाचे सगळे सिक्वेन्स वगळून टाकले, आणि मर्केल सेल कार्सिनोमा ह्या त्वचेच्या जहाल कॅन्सरमध्ये पॉलिओमा ह्या छोट्या डीएनए व्हायरसांच्या कुळातला नवीन पॉलिओमाव्हायरस पकडला, १० पैकी ८ ट्यूमरमध्ये. हा हर्पीस नाही, कुळच वेगळं, आणि गंमत म्हणजे बहुतेक निरोगी मोठ्या माणसांना त्याची लागण कधी ना कधी झालेली असते. ट्यूमरमध्ये मात्र तो डीएनएत घुसून बसलेला आणि तुटका असतो, स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. ज्या मर्केल ट्यूमरमध्ये हा व्हायरस नसतो तिथे उन्हामुळे झालेली म्युटेशन ढिगाने सापडतात.