पंखायुक्त श्वसनरक्षक (लाकूडकामातील)

लाकूडकाम करताना हवेत उडणारी बारीक धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून वापरायचे, बॅटरीच्या पंख्यावर चालणारे शिरस्त्राण किंवा मुखवटा. छोटा पंखा भोवतालची हवा गाळणीतून ओढतो आणि गाळलेली हवा चेहऱ्यासमोरच्या पारदर्शक काचेआड सोडतो. ‘पॉवर्ड एअर-प्युरिफाइंग रेस्पिरेटर’ या नावाची आद्याक्षरे घेऊन त्याला ‘पीएपीआर’ म्हणतात. दुकानदार सरळ ‘पंख्याचं हेल्मेट’ म्हणून मोकळा होतो, आणि ते नाव जास्त नेमके आहे. साध्या मास्कमध्ये हवा ओढण्याचे काम माणसाची छाती करते, इथे ते पंखा करतो. या उपकरणाचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात.

धूळ कोणती? सुताराच्या पायाशी साचणारा भुसा आणि रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या डोळ्यांत भरतात, पण त्या जमिनीवर पडून राहतात. घातक असते ती काचपेपर, लाकूड घासणारे सँडर, खाचा पाडणारे राउटर आणि कटर यांतून निघणारी भुकटी. दुपारी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली की ही भुकटी तरंगताना दिसते. तिरीप सरकली की दिसेनाशी होते, हवेत मात्र तेवढीच असते. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण निश्चल हवेत सेकंदाला सुमारे 3 मिलिमीटर खाली येतो, म्हणजे नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला आठेक मिनिटे लागतात. 1 मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी बारा तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी यंत्रे बंद करून मास्क काढला जातो तेव्हा सकाळची बारीक धूळ अजून खोलीतच फिरत असते.

लाकडाची धूळ म्हटले की फुप्फुसांची काळजी केली जाते. तिने होणारा सर्वांत गंभीर आजार मात्र नाकाचा आहे. कारण वजनाच्या हिशेबाने या धुळीतले बहुतेक कण मोठे असतात आणि ते नाकातच अडकतात. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव बीच लाकडाच्या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध होते. 1960 च्या दशकात तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतील पोकळ्यांचा एरवी अत्यंत विरळा असा कर्करोग वारंवार दिसतो, हे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले. डोनाल्ड अ‍ॅचेसन, हॅडफील्ड आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. धुळीत काम सुरू केल्यापासून रोग दिसेपर्यंत तीन-चार दशके उलटतात. त्यामुळे विशीतल्या कारागिराला हा धोका सांगून पटत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, आपल्या ग्रंथमालेच्या 62 व्या खंडात लाकडाच्या धुळीला गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेल्या घटकांत, घातले.

पुरावा मुख्यतः हार्डवुडचा आहे. इथे एक गोंधळ नेहमी होतो. हार्डवुड हा शब्द टणकपणाचा नसून झाडाच्या जातीचा आहे : रुंद पानांची झाडे ती हार्डवुड, पाइन-देवदारासारखी सूचिपर्णी ती सॉफ्टवुड. साग, शिसम, बाभूळ हार्डवुड हे कुणालाही पटेल. पण सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरला जाणारा पांगारा नखाने ओरखडा उठेल इतका मऊ, तरी तोही हार्डवुडच.

फुप्फुसांपुरते बोलायचे तर दमा हा मुख्य आजार. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेस्टर्न रेड सिडार या लाकडातील प्लिकॅटिक आम्लामुळे गिरणी-कामगारांना होणारा दमा हे त्याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आहे. पुष्कळदा खोकला आणि धाप काम संपल्यावर, रात्री उठते; म्हणून दोष धुळीला न जाता थंडीला किंवा जेवणाला जातो. साग आणि शिसमाची धूळ अंगाला खाज आणते, हे कारखान्यातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. एमडीएफ हे तर लाकडाचे तंतू फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेत दाबून केलेले. ते कापले की ढलपी निघतच नाही, सगळी पिठासारखी भुकटी.

मर्यादा व हिशेब. ब्रिटनमध्ये हार्डवुडच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेमागे 3 मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघात जानेवारी 2023 पासून ती 2 मिलिग्रॅम झाली. कामाच्या जागच्या आरोग्याचा अभ्यास करणारी अमेरिकेतील नायॉश ही सरकारी संस्था 1 मिलिग्रॅमची शिफारस करते. पाळीभरात कामगार साधारण 10 घनमीटर हवा श्वासात घेतो असे धरतात. म्हणजे 3 मिलिग्रॅमच्या हवेतही दिवसाला 30 मिलिग्रॅम, चिमूटभर, धूळ आत जाते. भारतात नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 14 ने धूळ श्वासात जाऊ न देण्याची आणि ती जिथे निर्माण होते तिथेच शोषून घेण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. मात्र चार माणसांचा सुतारखाना किंवा फ्लॅटमध्ये चाललेले इंटिरियरचे काम या कायद्याच्या व्याख्येत बसतच नव्हते.

रचना व कार्य. गाळणी, पंखा, बॅटरी आणि चेहऱ्यावरचे आवरण हे चार भाग. मोठ्या संचांत पंखा व बॅटरी कमरेच्या पट्ट्यावर असतात आणि लवचिक नळी पाठीवरून डोक्याकडे जाते. हौसेने लेथवर लाकूड कातणाऱ्यांत लोकप्रिय असलेल्या ट्रेंड कंपनीच्या ‘एअरशील्ड’सारख्या संचांत सगळे डोक्यावरच बसवलेले असते, नळी यंत्रात अडकण्याची भीती नाही, पण मानेवर वजन येते. ही कल्पना सुतारांसाठी निघालेली नाही. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांसाठी ‘एअरस्ट्रीम’ नावाचे पंख्याचे हेल्मेट तयार झाले. लाकूड कातणाऱ्यांनी ते पुढे उचलले.

साध्या मास्कमध्ये श्वास ओढताना आत दाब कमी होतो, म्हणून कडेला फट असेल तर हवा गाळणीचा अवघड रस्ता सोडून फटीतूनच येते. पंखा चालू असलेल्या आवरणात दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो. फटीतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. नायॉशच्या निकषानुसार चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या संचाने मिनिटाला किमान 115 लिटर आणि सैल संचाने 170 लिटर हवा दिली पाहिजे. तरीही जड ओंडका उचलताना घेतलेला खोल श्वास क्षणभर याहून जास्त हवा मागू शकतो आणि तेवढ्यापुरते संरक्षण घटते.

संरक्षणाची मोजणी गुणकाने होते; गुणक 10 म्हणजे बाहेरच्या धुळीचा दहावा भाग नाकाशी पोचतो. अमेरिकी नियमांत व्यवस्थित बसवलेल्या, नाक-तोंड झाकणाऱ्या अर्ध्या मुखवट्याचा गुणक 10, सैल काचेच्या पंखायुक्त संचाचा 25, तर घट्ट बसणाऱ्या पूर्ण मुखवट्याच्या पंखायुक्त संचाचा 1000. युरोपात सैल संचांची टीएच1, टीएच2, टीएच3 अशी प्रतवारी आहे आणि ब्रिटनमध्ये त्यांचे गुणक अनुक्रमे 10, 20 व 40 धरतात. घनमीटरमागे 20 मिलिग्रॅम धूळ असलेल्या जागी टीएच2 संच घातला तर नाकाशी सुमारे 1 मिलिग्रॅम पोचेल.

सुतारकामाला सोयीचे का? दाढीमुळे. घट्ट मास्कखाली दोन दिवसांचे खुंट असले तरी कड नीट बसत नाही, आणि दाढी राखणाऱ्या कारागिराला ती काढायला सांगणे हा उपाय नव्हे. सैल शिरस्त्राणाला ही अट नाही. चष्म्यावर वाफ धरत नाही. मापाची पेन्सिल-रेघ धूसर झाली की कारागीर आधी मास्क खाली ओढतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या गोष्टीची किंमत कळेल. एप्रिल-मेच्या उकाड्यात चेहऱ्यावर वाऱ्याची झुळूक राहते. लेथवरून उडालेल्या चिपेपासून डोळेही वाचतात, अर्थात काच आघात सोसणाऱ्या प्रतीची असेल तरच.

उणिवाही आहेत. पंखा कानाशी सतत घरघरतो, त्यामुळे सोबत्याची हाक ऐकू येत नाही. किंमत कित्येक हजारांत, मोठ्या संचांची त्याहून बरीच जास्त. तेवढ्या पैशांत छोट्या सुतारखान्याला धूळ खेचणारे यंत्र येऊ शकते, आणि निवड एकाचीच करायची असेल तर यंत्र आधी घ्यावे. ते सगळ्यांना वाचवते, हेल्मेट घालणाऱ्यापुरतेच. दुसरी उणीव जास्त गंभीर. धुळीची गाळणी वायू अडवत नाही. आपल्याकडे जो घासतो तोच बहुधा मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचा फवाराही मारतो, आणि थिनरची वाफ या गाळणीतून सरळ आरपार जाते. त्यासाठी वाफ शोषणारे वेगळे डबे लागतात; बंद टाकीसारख्या प्राणवायू कमी असलेल्या जागेत तर हे उपकरण अजिबात चालत नाही, कारण ते हवा गाळते, पुरवत नाही.

देखभाल. काम सुरू करण्यापूर्वी नळीच्या तोंडाशी प्रवाह तपासायची प्लॅस्टिकची नळी लावतात. आतली गोळी खुणेच्या वर तरंगली तर हवा पुरेशी, खाली राहिली तर गाळणी तुंबली किंवा बॅटरी उतरली. गाळणी कॉम्प्रेसरच्या हवेने ‘साफ’ करण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याने तंतू फाटतात, गाळणीतून हवा पूर्वीपेक्षा मोकळी येते आणि कारागिराला वाटते की काम झाले. बाहेरचा जाळीदार पूर्वगाळ तेवढा वारंवार बदलावा, म्हणजे आतली महाग गाळणी टिकते.

महाराष्ट्रातील वापर. मुंबई-पुण्याच्या सुतारखान्यांत आजही नाकावर बांधलेला रुमाल हेच मुख्य साधन आहे. रुमाल भुसा अडवतो, बारीक भुकटी नाही. इंटिरियरच्या कामावर सोसायटीची तक्रार येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून एमडीएफ कापला जातो, त्यामुळे धूळ बाहेर पडायला वाटच राहत नाही. बाहेरगावचे कारागीर काम संपेपर्यंत त्याच फ्लॅटमध्ये राहतात. रात्री कटर भिंतीशी सरकवून, फरशीवर एक झाडू मारून तिथेच चादरी अंथरल्या जातात, आणि झाडूने उडालेली भुकटी दिवा मालवल्यानंतर चादरींवर बसत राहते.