रिकॉइल स्टार्टरची दोरी

ग्रासकटर, चेनसॉ, फवारणीचा पॉवर पंप, लॉन मोअर यांच्या लहान पेट्रोल इंजिनांना सहसा बॅटरी नसते. मूठ धरून दोरी ओढायची, इंजिन फिरते. मूठ परत नेली की दोरी आपोआप आत गुंडाळली जाते. या यंत्रणेला रिकॉइल स्टार्टर म्हणतात. तिच्यातला सर्वांत स्वस्त भाग दोरी, आणि बहुधा आधी तीच जाते. ती ओवायला दोन मिनिटे लागतात. वेळ जातो तो स्प्रिंगचा ताण जुळवण्यात.

झाकणाच्या आत प्लास्टिकची पुली असते आणि तिच्या पोटाशी घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी, हीच स्प्रिंग. दोरी ओढताना पुली फिरते, पट्टी आवळते आणि खटके अडकून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे जड चाक, फिरते. इंजिनाने वेग घेतला की खटके आपोआप सुटतात. रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या पंपांना ही सोय नव्हती. दोरीची गाठ पुलीच्या खाचेत अडकवायची, वेढे द्यायचे, हिसका मारायचा; इंजिन चालू झाले नाही तर पुन्हा वेढे. ती दोरी तुटली तर गोठ्यातली दुसरी चालत असे. आताच्या ग्रासकटरला तशी खाच नसते, त्यामुळे दोरी तुटली की काम थांबते.

कोकणात पावसाळा सरता सरता आंबा-काजूच्या बागांत बेणणी, म्हणजे वाढलेले गवत-झुडूप कापणे, सुरू होते. तेव्हा एकच यंत्र दिवसभर चालते, आणि दर थांब्यानंतर दोरी ओढली जाते. ती तुटते ती बहुतेकदा मुठीखालच्या गाठीशी, नाहीतर झाकणातून बाहेर पडते त्या भोकाशी. भोकाला लावलेले गुळगुळीत कडे झिजले, किंवा माणूस दोरी सरळ न ओढता तिरकी ओढू लागला, की तिथले धागे एकेक करून सुटतात. दोरीला लव फुटलेली दिसली की ती थोड्याच दिवसांची सोबती समजावी. महिन्या-दोन महिन्यांत दुसरी दोरीही तुटली, तर दोष दोरीला देऊ नये. झिजलेले कडे तपासावे. इंजिन चालू होताना उलटा झटका देत असेल, तर इग्निशनची, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची, वेळ चुकली असण्याचा संभव आहे. वीस-वीस वेळा ओढूनही चालू होत नसेल, तर आधी प्लग आणि कार्ब्युरेटर पाहावा.

नवी दोरी विणलेल्या नायलॉनचीच हवी. ग्रासकटर आणि चेनसॉला साधारण ३ ते ४ मिमी जाडीची लागते, मोठ्या इंजिनांना ५ मिमीच्या आसपास. कपडे वाळत घालायची प्लास्टिकची दोरी उष्णतेने वितळते, सुतळी चार दिवस टिकत नाही. जाड दोरी जास्त टिकेल हा समजही खोटा आहे: ती पुलीवर मावत नाही आणि मध्येच अडकते. लांबीसाठी जुने दोन्ही तुकडे शेजारी लावून मोजावेत आणि गाठींपुरती वीतभर जास्त घ्यावी. दोन्ही टोके लायटरवर वितळवून बंद करावीत. टोक मऊ असताना उघड्या बोटांनी वळू नये, चटका जोरदार बसतो.

काम करण्यापूर्वी प्लगची कॅप काढून बाजूला ठेवावी. मग स्टार्टरचे झाकण खोलावे; बहुतेक यंत्रांत ते तीन-चार स्क्रूंवर असते. जुनी दोरी कोणत्या दिशेने गुंडाळली आहे याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. यात चूक झाली तर सगळे पुन्हा खोलावे लागते. दोरी तुटली तेव्हाच स्प्रिंग सैल झालेली असते. पुली जागेवर असेल तर ती काढू नये. दोरी ओढताना ती जिकडे फिरते, त्याच दिशेने हाताने फिरवत स्प्रिंग पूर्ण आवळावी. मग अर्धा ते एक फेरा मागे सोडून पुलीचे भोक झाकणाच्या भोकासमोर आणावे आणि पुली स्क्रू-ड्रायव्हरने किंवा पकडीने तिथेच अडकवावी. बाहेरून दोरी ओवावी, आत गाठ मारून ती खाचेत बसवावी. दुसऱ्या टोकाला मूठ लावून तिथेही गाठ घालावी. आता पकड काढून पुली बोटांनी धरत हळूहळू सोडायची. एकदम सोडली तर मूठ झाकणावर आपटते.

ताण बरोबर आहे की नाही, हे दोन ठिकाणी कळते. दोरी आत गेल्यावर मूठ झाकणाला घट्ट टेकली पाहिजे, लोंबता कामा नये. आणि दोरी पूर्ण बाहेर ओढल्यावरही पुली आणखी किमान अर्धा फेरा फिरायला हवी. ती फिरत नसेल तर प्रत्येक ओढीला स्प्रिंग शेवटपर्यंत ताणली जाते आणि काही दिवसांत तुटते. मूठ लोंबत असेल तर पुलीच्या खाचेतून दोरीचा छोटा फास वर काढावा आणि त्याच्यासकट पुली आवळण्याच्या दिशेने आणखी एक फेरा फिरवावी. ताण जास्त झाला असेल तर हेच उलट करावे.

स्प्रिंग तुटलेली किंवा तिच्या जागेतून निसटलेली असेल तर गोष्ट वेगळी. ती पट्टी खर्रकन उसळते आणि तिच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. नवी स्प्रिंग बऱ्याचदा तारेच्या कड्यात बांधून येते. ती कड्यासकट जागेवर धरून आत सरकवतात. समुद्राकाठच्या दमट हवेत जुन्या स्प्रिंगला गंज चढतो. झाकण उघडलेच आहे तर गवताचा भुसा झटकून तिच्यावर पातळ तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. जास्त तेलाने भुसा चिकटतो.

नवी दोरी वापरताना आधी ती जड लागेपर्यंत सावकाश ओढावी. तिथे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा अडथळा, लागते. मग एकच जोराचा हिसका, आणि तोही दोरी संपण्याच्या आत थांबवलेला. मूठ हातातून सोडून न देता हातानेच परत न्यावी.