लिबरल आर्ट्स पदवीतील कलाशिक्षण, पुणे

चित्र, शिल्प आणि वास्तू यांचा अभ्यास इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र अशा विषयांच्या जोडीने करण्याची विद्यापीठीय पद्धत. विद्यार्थी चित्र काढायला शिकतो, पण पदवीचा भर पाहण्यावर, पाहिलेले समजून घेण्यावर आणि त्याबद्दल नेमके लिहिता येण्यावर असतो.

पुण्यात दहावीनंतर कोणी ‘आर्ट्स घेतलं’ म्हणाले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इतिहास, मराठी, अर्थशास्त्र येते. रंगांची पेटी येत नाही. ही कला शाखा म्हणजे विद्यापीठाच्या भाषेत मानव्यविद्या. चित्रकार व्हायचे तर वाट निराळी: शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, पुढे जी. डी. आर्ट ही शासकीय पदविका किंवा बी.एफ.ए. ही ललित कलेची पदवी. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपासून (1857) चालत आलेली ही परंपरा पुण्यात टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाने जोपासली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील ललित कला केंद्र (1987) संगीत, नृत्य आणि नाट्य यांसाठी आहे. लिबरल आर्ट्समधले कलाशिक्षण या तिन्हींहून वेगळे. पालकांच्या गोंधळाचे कारण बहुधा हा एकच ‘कला’ शब्द असतो.

युरोपातल्या मूळ सात ‘लिबरल आर्ट्स’मध्ये चित्रकला नव्हतीच. व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल एवढे विषय त्यांत होते. चित्र आणि शिल्प ही कारागिरांची कामे मानली जात. आपल्याकडे विचार दुसऱ्या बाजूने झाला. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मूर्ती घडवायला शिकव म्हणून मार्कंडेयाकडे जातो. मार्कंडेय सांगतो, चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही. चित्रासाठी नृत्य कळायला हवे, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. एक कला शिकायची तर तिच्या शेजारणी ओळखल्या पाहिजेत, हे या पदवीमागचे तत्त्व इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल. अभ्यासक्रमाची सुरुवात ग्रीक आणि रोमन लोकांपासून करताना हा संवाद वगळला जाऊ नये.

पुण्यालाही स्वतःचा पूर्वेतिहास आहे. सवाई माधवरावांच्या काळात पेशवे दरबारातील इंग्रजांचा वकील (राजदूत) चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे शिकवीत असे. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम चिंतामण तांबट याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहेत. वेल्स 1795 मध्ये वारला. गंगारामचे काम एकाच वेळी चित्र, पुरातत्त्वीय नोंद आणि इतिहासाचे साधन आहे, म्हणून या विषयाच्या पुण्यातील विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी त्याला भेटायला हवे.

आजच्या स्वरूपातील शिक्षण शहरात अलीकडे रुजले. सिंबायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स 2011 मध्ये सुरू झाले. लवळ्याच्या फ्लेम संस्थेला 2015 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोड विषय) ही रचना नेहमीच्या महाविद्यालयांतही आली. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 श्रेयांक (क्रेडिट) लागतात. त्यामुळे मानसशास्त्र मेजर ठेवून कलेतिहास मायनर घेणे नियमात बसते. मात्र त्या महाविद्यालयात तो विषय शिकवणारे कोणी असावे लागते.

प्रत्यक्ष अभ्यास कसा चालतो, हे जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात चांगले दिसते. आठव्या शतकातली, राष्ट्रकूट काळातली ही लेणी रस्त्याच्या पातळीखाली बसॉल्टमध्ये खोदलेली आहे. विद्यार्थी वही उघडून समोरच्या नंदीमंडपाचे रेखाचित्र काढू लागतो. मंडप गोल, छप्पर छत्रीसारखे. कड एकदा, दोनदा चुकते. वर्तुळ कागदावर लंबगोल होते आणि खांब एकमेकांच्या आड जातात. चौथ्या प्रयत्नात लक्षात येते, की हे काही बांधलेले नाही, भोवतालचा खडक काढून टाकून मंडप मागे ठेवलेला आहे. मग प्रश्न पडत जातात: एवढा दगड गेला कुठे, खोदणाऱ्यांना पैसा कोणी दिला, काम अर्धवट का राहिले? पहिल्याचे उत्तर भूशास्त्रात, दुसऱ्याचे इतिहासात शोधायचे. मळवलीजवळची भाजे आणि कार्ले लेणी पुढच्या सहलींसाठी. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहातल्या, छताच्या लाकडी फासळ्या पाहिल्या, की लाकडी बांधकामाची सवय दगडात कशी उतरली ते पुस्तकाशिवाय समजते. शहरात राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते, दिवे आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल हे असेच अभ्यासाचे साहित्य.

या शिक्षणाच्या उणिवा खऱ्या आहेत. स्टुडिओचे तास कमी, म्हणून हात बसत नाही, बी.एफ.ए.चा विद्यार्थी जितके स्केचिंग करतो, तितके इथे होत नाही. खासगी विद्यापीठांची फी अनेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. सर्वांत खटकणारी गोष्ट भाषेची: शिकवणे बहुतांशी इंग्रजीत चालते, तर वाडा, देवळी, तुळई, महिरप, कोनाडा हे शब्द मराठीत तयार आहेत आणि या शहराच्या घरांचे वर्णन त्यांनीच नीट होते.

पदवीनंतर काही जण डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाकडे, काही संग्रहालयांकडे किंवा चित्रपटाच्या अभ्यासाकडे वळतात. चित्रकारच व्हायचे ठरवणाऱ्याला मात्र हाताची तयारी स्वतंत्रपणे, पुन्हा पायापासून करावी लागते.