चुलीतून निघणारा धूर म्हणजे न जळालेलं सरपण

विदर्भ म्हटलं की बाहेरच्या लोकांना फक्त उन्हाळाच आठवतो, पण रात्रीच्या लाइनीवर (रात्री मिळणाऱ्या विजेवर) गव्हाला ओलीत करायला, म्हणजे पाणी द्यायला, जे जातात त्यांना विचारा इकडची थंडी काय असते ते. २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी तर नागपुरात पारा ३.५ अंशावर आला होता, आणि शेतशिवारात, नदीकाठी गारवा आणखीच झोंबतो. आता २०१६ पासून उज्ज्वला आली, घरोघरी सिलिंडर आलं हे खरं आहे, पण गावात गॅस बहुतेक चहा-भाजीपुरताच असतो. आंघोळीचं पाणी, भाकरी, ढोरांचं आंबोण आणि संध्याकाळचा शेक हे सगळं अजून लाकडावरच चालतं, आणि लाकूड काही फुकट नाही. विकत घेतलं तर पैसे जातात, रानातून आणलं तर बाईचा अर्धा दिवस आणि मान जाते.

म्हणून आधी एक हिशोब करू. घरातल्या एका माणसाच्या आंघोळीला समजा २० लिटर पाणी लागतं, १८ अंशाचं पाणी ४३ अंशावर न्यायचं म्हणजे २५ अंश वाढवायचे, त्याला लागते ५०० किलोकॅलरी उष्णता (एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी). एक किलो चांगल्या वाळलेल्या लाकडात साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर जेमतेम १४० ग्राम लाकडात, मूठभर काड्यांत म्हणा ना, आंघोळीचं पाणी तापलं असतं. आपण जाळतो किती? तीन दगडांच्या उघड्या चुलीत साधारण १० ते १५ टक्केच उष्णता भांड्यात जाते, म्हणजे किलोभर लाकूड सहज लागतं. बाकीचं वारा नेतो, चुलीची माती खाते, आणि बराच भाग धूर होऊन निघून जातो. यातला धुराचा भाग सगळ्यात जास्त आपल्या हातात आहे म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

एक वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची काडी, पेटवून नीट बघा. जाळ लाकडाला चिकटलेला नसतो, काडीपासून किंचित वर, हवेत असतो. कारण लाकूड स्वतः आधी जळतच नाही. ते तापलं की आधी त्यातलं पाणी निघतं, मग २००-३०० अंशाच्या आसपास लाकूड फुटून त्यातून वायू बाहेर पडायला लागतात, आणि जाळ असतो तो त्या वायूंचा. लाकडाच्या वजनातला जवळजवळ पाऊण हिस्सा असाच वायू होऊन जातो, मागे राहतो तो कोळसा म्हणजे आपला निखारा. आता हे वायू पूर्ण जळायला ६०० अंशाच्या वर ताप पाहिजे आणि भरपूर हवा पाहिजे, दोन्हीतलं एक कमी पडलं की ते न जळताच वर जातात आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. खात्री करायची असेल तर जाळ नुकताच विझून पांढरा धूर निघत असताना त्या धुरात पेटती काडी धरून बघा, कधी कधी धूरच भप्पकन पेट घेतो. तोच धूर रोज छताला काजळी होऊन चिकटतो आणि घरच्या बाईच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख लोक दगावल्याचा अंदाज दिला आहे, तेव्हा इथे बचत आणि तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

धुराचं पहिलं कारण ओलं लाकूड. "वले लाकडं टाकू नोको वं, डोये चुरचुरतेत" हे प्रत्येक घरात सासूने सुनेला सांगितलेलं आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. असं एक किलो लाकूड जाळलं तर त्यातल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यात ३०० किलोकॅलरी जातात आणि तुमच्या हाती जेमतेम १९०० पडतात, वाळलेल्याच्या निम्म्या. पण खरं नुकसान याच्याही पुढचं आहे, वाफ निघत असते तोवर विस्तव थंड पडतो, ६०० अंशाला पोचतच नाही, मग वायू जळत नाहीत आणि उरलेल्या निम्म्यातलंही बरंच धुरात जातं. लाकडाच्या दुसऱ्या टोकाला फेस येऊन चुर्र आवाज येतो ना, तो या नुकसानीचाच आवाज आहे. आणि जे वजनावर लाकूड घेतात त्यांनी तर ओलं लाकूड घेऊच नये, निम्मे पैसे पाण्याचे जातात.

वाळवायच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. थंड देशांत लोक लाकूड वाळवायला वर्ष-दोन वर्षं रचून ठेवतात, आपल्याकडे मे महिन्यातलं ऊन आणि ती गरम कोरडी हवा फुकटात ते काम करते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड तोडून फाडून ठेवलं तर मृगाच्या आधी ते चांगलं वाळतं. फाडणं महत्त्वाचं आहे कारण सालीतून पाणी फार हळू निघतं, अख्खा ओंडका उन्हाळाभर पडून राहिला तरी आतून ओला निघतो. मनगटाएवढे जाड तुकडे करायचे, खाली दगड नाहीतर विटा ठेवून जमिनीपासून वर रचायचे, बाजूने वारा खेळू द्यायचा आणि पावसाळ्यात फक्त वरून टिन टाकायचं. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळून ठेवली तर आतला ओलावा आतच राहतो आणि लाकडाला बुरशी येते. वाळलं की नाही ते कळायला मशीन नको, दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे, टणटण वाजले तर वाळले, थप्प असा बसका आवाज आला तर अजून ओले. वाळलेल्या तुकड्याच्या टोकाला तडे पण दिसतात.

कोणतं लाकूड चांगलं यावर गावात खूप वाद होतात, बाभूळच पाहिजे, सुबाभूळ नको वगैरे. खरं म्हणजे सगळी वाळलेली लाकडं किलोला किलो जवळपास सारखीच उष्णता देतात. बाभूळ घट्ट असते म्हणून तेवढ्याच आकाराच्या तुकड्यात वजन जास्त भरतं, हळू जळते आणि निखारा टिकतो, एवढाच फरक. पऱ्हाटी आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) भुरूभुरू जळतात, चूल पेटवायला आणि पटकन जाळ द्यायला उत्तम, पण त्यांच्यासमोर बसून राहावं लागतं. गोवरीत राख जास्त म्हणून उष्णता कमी, पण मंद विस्तव ठेवायला ती बरी. रंग लावलेलं लाकूड, प्लास्टिक आणि फवारणीचे रिकामे डबे मात्र चुलीत कधीच टाकू नका, त्या धुरात जे विष निघतं ते अन्नावर बसतं आणि श्वासातही जातं.

आता हवा. चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरलं की हवा आत शिरत नाही, मग फुंकणी घेऊन बसावं लागतं. तेच लाकूड बारीक फाडून थोडं थोडं पुढे सरकवत गेलं तर जाळ स्वच्छ राहतो. राख रोज काढायची, आणि जमलं तर वेल्डिंगवाल्याकडून वीतभर लोखंडी जाळी करून चुलीत दोन-तीन बोटं वर बसवायची, म्हणजे लाकूड जाळीवर आणि हवा खालून, विस्तवाच्या बरोबर पोटात जाते. खर्च एकदाच होतो आणि फरक पहिल्याच दिवशी दिसतो. भांडं पण विस्तवाला अगदी टेकवू नये, जाळ थंड बुडाला आपटला की वायू जळायच्या आधीच गार होतात आणि त्याची काजळी होते. फार उंच ठेवलं तर बाजूने उष्णता पळते, मधलं अंतर आपल्या चुलीवर बघून ठरवायचं.

झाकणाबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे गंजातून (पाणी तापवायच्या पातेल्यातून) एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर वर जो आंघोळीचा हिशोब केला त्या अख्ख्या २० लिटरच्या पाण्याची उष्णता हवेत गेली. गंजावर झाकण नसेल तर ताट ठेवा, पाटी ठेवा, काहीही ठेवा. ज्यांच्याकडे जुना तांब्याचा बंब पडून आहे त्यांनी तो भंगारात देऊ नये, दुरुस्त करून वापरात आणावा. बंबात विस्तव मधल्या नळीत आणि पाणी चारी बाजूंनी असतं, त्यामुळे उष्णतेला पळायला जागाच कमी, चुलीवरच्या गंजापेक्षा ती रचना कितीतरी शहाणपणाची आहे.

घर गरम करायचं गणित थोडं वेगळं आहे. युरोप-अमेरिकेत भिंतीतल्या उघड्या शेकोटीवर लोकांनी शतकानुशतकं लाकूड जाळलं आणि त्यातली बहुतेक उष्णता धुराड्यातून गेली, वरून धुराडं खोलीतली गरम हवाही ओढून न्यायचं आणि तिच्या जागी फटींतून थंड हवा आत यायची. रमफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १७९६ साली यावर निबंध लिहिला, त्याने शेकोटीचा खोलपणा कमी केला, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला, म्हणजे धूर वर जाईल पण विस्तवाची झळ खोलीत फेकली जाईल. मुद्दा हा की उघड्या विस्तवाची जी ऊब आपल्याला मिळते ती मुख्यतः झळीची असते, गरम हवेची नाही, गरम हवा सरळ वर जाते. आपल्या कवेलूच्या (कौलारू) घरात तर ती कवेलूच्या फटींतूनच निघून जाते, तेव्हा सगळी खोली तापवायच्या नादी लागू नये. शेकोटी अंगणात भिंतीजवळ करावी, गवताच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून लांब, विस्तव भिंतीच्या बाजूला आणि माणसं समोर बसतील अशी, म्हणजे पलीकडे जाणारी झळ मातीच्या भिंतीत मुरते आणि भिंत नंतर बराच वेळ ऊब देते. छोट्या विस्तवापासून दुप्पट लांब बसलं की झळ साधारण चौथाई होते, म्हणून मोठा डोंब पेटवून सगळे लांब सरकण्यापेक्षा छोटी शेकोटी करून जवळ बसणं केव्हाही स्वस्त. आणि पेटवताना जाड लाकडं खाली, बारीक काड्या वर ठेवून वरून पेटवून बघा. उलटं वाटेल, पण खालच्या लाकडातून निघणारे वायू वरच्या जाळातूनच जातात आणि तिथेच जळतात, धूर खरंच कमी होतो.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही थंडी असली तरी करू नये, निखाऱ्याची शेगडी घेऊन दारं-खिडक्या लावून झोपणं. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, अख्खी कुटुंबं गेलेली आहेत. त्याऐवजी रात्रीचा स्वयंपाक झाला की उरलेल्या निखाऱ्यांवर झाकण लावलेला पाण्याचा गंज ठेवा आणि झोपताना ते पाणी रबरी पिशवीत भरून गोधडीत पायाशी घ्या. पाण्यात तेवढ्याच वजनाच्या विटेपेक्षा पाचपट उष्णता मावते, आणि माणसाचं शरीर झोपेतही ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, गोधडीतली कोंडलेली हवा ती जाऊ देत नाही.

ज्यांचं सरपण यंदा ओलंच राहिलं त्यांनी आत्ताच ढीग वेगळा करावा. जाड ओंडके फाडून सपरीत (ओसरीत) उन्हाच्या बाजूला रचा आणि ते जानेवारीसाठी राहू द्या, तोपर्यंत पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्यांवर भागवा, उद्याला लागणारं लाकूड आज चुलीपासून हातभर लांब ठेवा म्हणजे रात्रीतून थोडं वाळेल, पण चुलीला टेकवून ठेवू नका, रात्री ठिणगी उडून पेटतं.