रिझोल्युशनचा बिघाड, लिनक्सवरील

संगणकाचा पडदा स्वतःच्या मापात न उघडता भलत्याच, बहुधा लहान मापात उघडणे आणि सेटिंगच्या यादीत हवे ते माप मुळात नसणे, या तक्रारीचे हे नाव. माप म्हणजे पडद्यावरच्या आडव्या व उभ्या ठिपक्यांची, पिक्सेलांची, संख्या. १३६६ × ७६८ च्या मॉनिटरवर १०२४ × ७६८ चे चित्र ताणून बसवले जाते. अक्षरे पसरट होतात, वर्तुळाचे अंडे होते. शास्त्रीय मराठीत रिझोल्युशनला विभेदन म्हणतात. मराठी विश्वकोशाचे काम चालते ती वाई सातारा जिल्ह्यातलीच. तरीही साताऱ्यात पोवई नाक्यावर संगणक दुरुस्तीला आणणारा माणूस ‘रिझोल्युशन गेलंय’ असेच सांगतो. म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

दोष आधी ड्रायव्हरच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, माथी मारला जातो. लिनक्स या कार्यप्रणालीवरचे मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर मुख्यतः तीन घराण्यांचे: इंटेलसाठी आय९१५, एएमडीसाठी जुना रेडिऑन व नवा एएमडीजीपीयू, आणि एनव्हिडियाची कार्डे आतून कशी चालतात ते बाहेरून ताडून लिहिलेला नूवो. पडद्याचे माप ठरवण्याचे काम पूर्वी एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम, करी. २००९ मध्ये इंटेलपासून सुरुवात होऊन ते कर्नेलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, गेले. नूवो २०१० मध्ये कर्नेलात आला. त्यामुळे एक्सऑर्गची (त्याच एक्स सर्व्हरची) लांबलचक कॉन्फिग फाइल हाताने लिहायचे जुने सल्ले आज बहुधा गैरलागू आहेत. मेसा ही लायब्ररी त्रिमितीय चित्रे काढते, माप ठरवण्याशी तिचा संबंध नाही. ती पुन्हा पुन्हा अपडेट करणाऱ्यांची संख्या मात्र कमी नाही.

खरी गोष्ट घडते ती वायरीत. प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाचा १२८ बाइटांचा छोटा दाखला साठवलेला असतो. त्यात निर्माता, पडद्याची लांबी-रुंदी आणि चालणारी मापे लिहिलेली असतात. शेवटचा बाइट पडताळणीचा: सर्व १२८ बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे. व्हीजीए या जुन्या मॉनिटर-जोडणीच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून संगणक हा दाखला मागून घेतो. दाखला आलाच नाही, तर कर्नेल कोणत्याही पडद्याला झेपतील अशीच मापे देतो, आणि ती १०२४ × ७६८ पाशी थांबतात. म्हणजे यादी नेमकी या आकड्यावर संपत असेल, तर ड्रायव्हर शहाणपणाने वागतो आहे असे समजावे. त्याला समोरच्याची ओळख पटलेली नाही, एवढेच.

माण-खटावकडच्या एखाद्या शाळेतली संगणक खोली डोळ्यांपुढे आणावी. पुण्याच्या कुठल्या कार्यालयातून निघालेली जुनी यंत्रे, लायसन्सचा खर्च नको म्हणून घातलेले लिनक्स, आणि छताला टांगलेला प्रोजेक्टर. गुरुजींच्या टेबलापासून छतापर्यंत पंधरा मीटरची स्वस्त व्हीजीए वायर. चित्राचे तीन रंग आणि दोन सिंक (चित्र जागेवर बसवणारे इशारे) यांच्या तारा वेगळ्या असतात, त्यामुळे चित्र व्यवस्थित पोचते. पण दाखल्याच्या तारा पैसे वाचवण्यासाठी घातलेल्याच नसतात, किंवा इतक्या लांबीत संदेश विरतो. चित्र दिसते म्हणजे वायर चांगली, हा गैरसमज इथूनच निघतो. पिना मोजून पाहण्याचा उपाय अर्धाच खरा: १२ किंवा १५ क्रमांकाची पिन नसेल तर निकाल लागला, पण ९ क्रमांकाची पिन अनेक चांगल्या वायरींतही नसते. व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर आणि दोन संगणकांना एक मॉनिटर जोडणारे स्विचही दाखला गिळतात, किंवा स्वतःचाच पुढे करतात.

तपासणीची सुरुवात म्हणून दुसरी आखूड वायर लावून पाहावी. यात दोन मिनिटे जातात आणि पुष्कळदा पुढचे सगळे वाचते. मग एलएसपीसीआय ही आज्ञा ‘के’ पर्यायासह चालवून कार्डाला कोणता ड्रायव्हर लागला आहे ते बघावे. तिथे काहीच नसेल तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला लिनक्स उघडणाऱ्या प्रोग्रामच्या, कर्नेल ओळीत ‘नोमोडसेट’ राहिले आहे का ते पाहावे. लिनक्स घालताना पडदा काळा झाला म्हणून कोणीतरी हा शब्द घालतो आणि काढायला विसरतो. तो असेपर्यंत खरा ड्रायव्हर माप हाती घेत नाही, बायोसने (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामने) सुरुवातीला दिलेले मापच राहते आणि सगळे चित्रकाम प्रोसेसरवर पडते. एएमडीच्या कार्डांना याशिवाय फर्मवेअर, म्हणजे कार्डात भरायचा छोटा प्रोग्राम, लागते. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून मिळू लागले; त्याआधीच्या आवृत्त्यांत वेगळे घालावे लागे.

ड्रायव्हर जागेवर असेल तर सिस फोल्डरातील डीआरएमखाली (/sys/class/drm) प्रत्येक जोडणीची ईडीआयडी फाइल असते. तिचा आकार यादीत नेहमी शून्यच दिसतो. त्यावरून निष्कर्ष काढू नये. फाइल वाचून बाइट मोजावेत. १२८ किंवा, जोडपान असेल तर, २५६ आले तर दाखला पोचला, शून्य आले तर वायरीकडे परत जावे.

वायर बदलणे शक्य नसेल तर माप हाताने सांगता येते. सीव्हीटी ही आज्ञा रुंदी, उंची आणि वेग (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढायचे ते) घेऊन मोडलाइन नावाची आकड्यांची ओळ देते. एक्सरँडर या आज्ञेने ती नवीन माप म्हणून नोंदवायची, जोडणीला लावायची आणि मग निवडायची. इथे दोन खड्डे आहेत. सीव्हीटीला रुंदी ८ च्या पटीत लागते, आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही. म्हणून ती १३६८ ची ओळ देते: पिक्सेल घड्याळ, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, ८५.२५ मेगाहर्ट्झ. दोन पिक्सेलांचा फरक बहुतेक मॉनिटर मुकाट्याने पोटात घालतात. दुसरा खड्डा मोठ्या पडद्यांचा. १९२० × १०८० साठी सीव्हीटी १७३ मेगाहर्ट्झ मागते, तर जुन्या एचडीएमआयची मर्यादा १६५ आहे. माप नाकारले जाते आणि माणूस ड्रायव्हरला शिव्या देतो. त्याच आज्ञेला ‘आर’ पर्याय दिला की १३८.५ वर काम भागते. दूरचित्रवाणीचे नेहमीचे १४८.५ देखील मर्यादेत बसते.

एक्सरँडरने सांगितलेले माप संगणक बंद करताच पुसले जाते. लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या फाइलीत त्या ओळी घालतात, पण वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) सत्रात त्यांचा उपयोग नाही: तिथे एक्सरँडर यादी दाखवते, नवे माप घेत नाही. अशा वेळी कर्नेलच्या ओळीत ‘व्हिडिओ’ पर्यायाने जोडणीचे नाव व माप द्यावे.

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रोजेक्टरवरचा सर्वांत नेटका उपाय निराळाच आहे. घडवंचीवर चढून लॅपटॉप एकदा आखूड वायरीने थेट प्रोजेक्टरला जोडावा, ईडीआयडी फाइलची प्रत काढावी, शाळेच्या संगणकात फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवावी आणि कर्नेलला ‘ईडीआयडी-फर्मवेअर’ पर्यायाने तिचे नाव सांगावे. मग दाखला वायरीतून यावा लागतच नाही. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून, म्हणजे सुरुवातीलाच उघडणाऱ्या छोट्या फाइल-गठ्ठ्यातून, लवकर सुरू होत असेल, तर फाइलही त्यात घालावी लागते. हे विसरले की उपाय फसला असे वाटते.

एक चमत्कारिक प्रकार इंटेलच्या जुन्या अ‍ॅटम मदरबोर्डांवर दिसतो. डेस्कटॉप असूनही बायोस सांगते, की लॅपटॉपचा पडदा जोडलेला आहे. ड्रायव्हर त्या नसलेल्या पडद्याचा मान राखून दोन्हींना झेपेल असे माप निवडतो. एलव्हीडीएस नावाची ती जोडणी बंद केली की खरा मॉनिटर आपल्या मापात उघडतो. आय९१५ मध्ये अशा खोटे बोलणाऱ्या बोर्डांची यादीच लिहून ठेवली आहे.

एसआयएस ६७१ सारख्या ग्राफिक्स चिपवर मात्र हे कोणतेच मार्ग चालत नाहीत, कारण तिला कर्नेलातला माप ठरवणारा ड्रायव्हरच नाही. वेसा हा सर्वसाधारण ड्रायव्हर बायोसमध्ये लिहिलेली मापे तेवढी देतो. डेस्कटॉपमध्ये जुने रेडिऑन कार्ड बसवून सुटका होते; लॅपटॉपला तीही सोय नाही.