नाताळच्या शुभेच्छा

येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवानिमित्त एकमेकांना देण्यात येणाऱ्या शुभेच्छा व त्यांच्याशी निगडित चालीरीती. बायबलमध्ये या जन्माची तारीख दिलेली नाही आणि तो साजरा करावा अशी आज्ञाही नाही. त्यामुळे हा सण ज्या देशात गेला तिथल्या जुन्या उत्सवांत, हवामानात आणि स्वयंपाकघरात मुरत गेला. तो कुठल्या वाटेने कुठे पोचला, याचा माग शुभेच्छांच्या शब्दांवरून बऱ्यापैकी काढता येतो.

रोममध्ये इ.स. ३३६ साली २५ डिसेंबरला हा दिवस पाळला जात होता, असे ३५४ च्या एका रोमन पंचांगावरून दिसते. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले होते, त्या सूर्योत्सवाची जागा ख्रिस्तजन्माने घेतली, असे एक मत आहे. २५ मार्च हा येशूची आई मारिया हिच्या गर्भधारणेचा दिवस मानून त्यात नऊ महिने मिळवले, असे दुसरे. पहिले मत अधिक प्रसिद्ध आहे. पुराव्याच्या बाबतीत मात्र दोन्ही लंगडीच आहेत.

लॅटिनमधल्या जन्माशी निगडित शब्दांवरून इटालियन ‘बुओन नाताले’, स्पॅनिश ‘फेलिझ नाविदाद’ आणि वेल्श ‘नादोलिग लावेन’ या शुभेच्छा आल्या. उत्तरेकडे चित्र वेगळे. स्वीडन-नॉर्वेमधील ‘गॉद यूल’मधला ‘यूल’ हा ख्रिस्ती धर्म पोचण्याआधीचा, ऐन हिवाळ्यातला सण; धर्म बदलला तरी नाव तेच राहिले. जर्मन ‘फ्रोहे वाइनाख्तेन’मध्ये पवित्र रात्रींचा उल्लेख आहे. हवाई बेटांच्या भाषेत ‘र’ आणि ‘स’ हे ध्वनीच नाहीत, म्हणून ‘मेरी ख्रिसमस’चे तिथे ‘मेले कलिकिमाका’ झाले. युक्रेनमध्ये ही शुभेच्छा दोघांनी मिळून पुरी करायची असते. एकाने ‘ख्रिस्त जन्मला’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘त्याची स्तुती करू या’ असे उत्तर द्यायचे.

मराठीतला ‘नाताळ’ पोर्तुगीज जहाजांतून आला. वास्को द गामाच्या ताफ्याला डिसेंबर १४९७ मध्ये नाताळच्या सुमारास आफ्रिकेचा जो किनारा दिसला, त्याला त्याने हेच नाव दिले. दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत (आता क्वाझुलू-नाताळ) तो हाच. पुढे गोवा आणि वसई पोर्तुगीजांकडे गेली (वसई १५३४ ते १७३९) आणि हा शब्द कोकणी-मराठीत रुळला, इतका की पोर्तुगीजांशी काडीचा संबंध नसलेले अहिल्यानगरकडचे (पूर्वीचे अहमदनगर) प्रॉटेस्टंट ख्रिस्तीही नाताळच म्हणतात. हिंदी आणि बंगालीत मात्र ‘बडा दिन’, ‘बडोदिन’ हे देशी शब्द चालतात.

गोव्यात ‘खुशाल भरीत नाताळां’ असे तोंडाने म्हटले, तरी खरी शुभेच्छा ताटातून पोचते. पोर्तुगालमध्ये ‘कोन्सुआदा’ म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण. गोव्यात त्याच नावाने शेजारीपाजारी फराळाची ताटे जाऊ लागली. मंगळूरकडे याच फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात. ताटात नेवऱ्या, काळ्या गुळाचा आणि नारळाच्या रसाचा दोदोल, चणाडाळ-खोबऱ्याचे दोस, काट्यावर किंवा फणीवर वळून तळलेली कुलकुले. नेवरी म्हणजे आपली करंजीच. तेव्हा ताटातले पोर्तुगीज किती नि कोकणातले किती, हे शोधायला बसलो तर नावाखेरीज फारसे काही लिस्बनचे निघत नाही. घरात दुखवटा असेल तर तिथे गोडधोड करत नाहीत. शेजारचे आणून देतात. दिवाळीच्या फराळाचीही रीत हीच. ६ जानेवारीला रेइश मागुश, चांदोर आणि कांसावली इथे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे फेस्त (सण) होते व राजांच्या वेशातली मुले मिरवत जातात.

इंग्रजी ‘मेरी ख्रिसमस’ जुने आहे. बिशप जॉन फिशरच्या १५३४ च्या पत्रात ते आढळते. छापील भेटकार्डाची चाल मात्र १८४३ ची. हेन्री कोल या लंडनच्या अधिकाऱ्याला पत्रांची उत्तरे लिहिण्याचा कंटाळा आला आणि त्याने जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतले. मध्यभागी तीन पिढ्यांचे कुटुंब पेले उंचावून बसलेले, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देण्याची चित्रे, आणि नाव घालायला कोरी जागा. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. १८४० पासून टपालखर्च एक पेनीवर आलेला असताना हा सौदा महागच म्हणायचा. चित्रात लहान मुलीच्या ओठांना वाइनचा पेला लावलेला दिसतो, म्हणून दारूबंदीवाल्यांनी बरीच ओरड केली. ‘मेरी’ला झिंगण्याचा वास येतो म्हणून ब्रिटनमध्ये अनेकांनी ‘हॅपी’ पसंत केले. राणी दुसरी एलिझाबेथही आपल्या संदेशांत सहसा ‘हॅपी ख्रिसमस’च म्हणे.

हा सण सगळ्याच ख्रिस्ती लोकांना मान्य होता असेही नाही. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये तो बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८ मध्ये.

रशिया, सर्बिया, इथिओपिया इथल्या चर्चेस जुने पंचांग पाळतात, त्यामुळे तिथे शुभेच्छा ७ जानेवारीला दिल्या जातात. युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली. रशियन चर्च ज्युलियन पंचांगावरच राहिले, तर हे जुने पंचांग आणि आजचे ग्रेगोरियन पंचांग यांतले तेरा दिवसांचे अंतर चौदावर जाऊन २१०१ पासून तिथला नाताळ ८ जानेवारीला येईल.